नसलेल्या गाई

आयोगाचा कागद पिवळट होता,
वर सतरा प्रश्न, खाली रेघा.
राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी असावा?
राजे परत आणावेत काय?
संसदेला सभागृह एक की दोन?

शाळेचं छप्पर लढाईत गेलेलं,
म्हणून कुमीच्या रस्त्यालगत चिंचेखाली बसलो.
मी मास्तरीण, पेन माझ्या हातात.
बाकी चाळीसजणी, काखेत पोरं,
कुणी सुपात नाचणी निवडतेय,
कुणी काडीने मातीत रेघोट्या ओढतेय.
पुरुष लांब, बोजाच्या मडक्याभोवती,
एका मडक्यात सहा लांब नळ्या,
कान मात्र इकडे.

पहिला प्रश्न वाचला. कुणी बोलेना.
तिसऱ्यावर म्हातारी आसेकेन्ये म्हणाली,
एकच सभागृह ठेवा, झाडायला सोपं.
हसू पिकलं. ते मी लिहिलं नाही,
लिहायला हवं होतं.

मग आगुती उठली.
मला गाईंबद्दल बोलायचंय.
गाईंचा प्रश्न यात नाही, मी म्हटलं.
मग आधी उत्तर लिही,
प्रश्न तू मागाहून घाल.

तिच्या लग्नात बापाने बारा गाई घेतल्या.
त्याच बारा देऊन भावाला बायको आणली.
शिंगमोडी, तांबडी, कपाळावर चांद असलेली,
लंगडी पण दुधाला खरी,
बाराही तिने बोटांवर मोजल्या,
आणि दहा बोटं संपल्यावर
शेजारणीचा हात ओढून घेतला.
मग ते बंदुकांचं वर्ष आलं.
एका रात्रीत गावाची सगळी जनावरं हाकून नेली,
सकाळी खुंटे होते, शेण होतं, वास होता.
आता नवरा मारतो.
पंच म्हणतात, जा खुशाल,
आधी बारा गाई परत कर.

ज्या कुठेच नाहीत त्या गाईंच्या
दाव्याला मी बांधलेली आहे.

मडक्याकडून कुणीतरी खाकरलं.
इकिरिंग बसल्या जागेवरूनच बोलली,
नवरा मेला तेव्हा दिराला वारशात मिळालं
एक खुर्ची, एक सायकल, मी.
सायकलची घंटी वाजायची नाही
म्हणून त्याने तक्रार केली होती.

मी लिहिलं, विवाहसंस्थेतील विषमतेबाबत.
आगुती म्हणाली, वाच.
वाचलं.
यात शिंगमोडी कुठे आहे?
खोडलं. पुन्हा लिहिलं.
कागद संपला, मागची बाजू संपली,
तिसरीच्या वहीतलं पान फाडलं,
त्यावर कुणाचं तरी बारा गुणिले चार
चुकलेलं होतं.
शाईची गादी नव्हती.
तव्याच्या काजळीचे चाळीस अंगठे उठवले
आणि ओपोलोट कारकुनाने
ते टोकाला धरून, फुंकर मारत,
जीपमध्ये ठेवले.

पुस्तक यायला वर्षं गेली.
तोवर छप्पर झालं होतं,
पण बसलो चिंचेखालीच.
आसेकेन्ये नव्हती.
मी वाचत गेले. एका कलमावर आवाज बसला:
स्त्रियांना पुरुषांइतकीच पूर्ण प्रतिष्ठा.
कुणीतरी म्हणालं, परत.
परत वाचलं. इकिरिंगने डोळे मिटले,
झोपली असं वाटलं, झोपली नव्हती.

आगुतीने विचारलं, आणि गाई?
नाहीत.
नीट बघ.
नीट बघितलं. नाहीत, आगुती.
एवढ्या जाड पुस्तकात
एक लंगडी गाय मावली नाही?

मला वाटलं, आता ती उठून जाईल.
ती सरकून जवळ आली.
हे लिहिलेलं बदलायचं असलं तर
काय करायचं ते लिहिलंय का यात?
लिहिलंय. शेवटाकडे. दोन तृतीयांश मतं वगैरे.
दाखव.
दाखवलं. वाचता येत नाही तिला,
तरी पानावरून बोट फिरवत राहिली,
मग त्या पानाचा कोपरा
नखाने दाबून दुमडला.

पुस्तकाची पानं दुमडायची नाहीत
असं मी मुलींना रोज बजावते.
त्या दिवशी काही बोलले नाही.