पाठ क्रमांक अकरा

नववी ब, चौथी तासिका.
पूर्वेच्या खिडक्या आधीच लावून घेतल्या,
पथारीवरून वारा फिरला की अख्खा वर्ग शिंकतो
आणि शिंकांसाठी पाठ टाचणात रकाना नाही.

टाचण रात्री दीडपर्यंत लिहिलेलं.
डावीकडे शिक्षक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती,
पोरं काय म्हणतील तेही मीच लिहून ठेवलेलं
अवतरणचिन्हांत, शुद्ध मराठीत:
'बाई, किंमत वाढली की मागणी कमी होते.'
गावच्या गॅदरिंगला माणसं कमी पडली
की एकच जण राजा आणि शिपाई दोन्ही होतो, तसं.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं, असं कॉलेजात सांगतात.
नंदुरबारात शिकवायचं, म्हणून मिरची घेतली.
फळ्यावर तक्ता काढला. दोनशे रुपये किलो,
दीडशे, शंभर. किती घ्याल?

'बाई, कोन्ती? ओली का सुकी?'
'देठासकट का बिनदेठानी?'
'पानी मारेल व्हई तर वजन जास्त भरस, बाई.'
हसू उसळलं. माझा तक्ता तीन ओळींचा,
त्यांचा सबंध बाजार समितीएवढा.
ज्ञात त्यांचं होतं. अज्ञाताकडे निघाले होते मी.

तरी रेषा काढली, डावीकडून उजवीकडे उतरती,
शेवटच्या बाकावर गिरासे सरांनी पेनचं टोपण काढलं,
आणि तिसऱ्या रांगेतून भाविका भोई उठली:
'बाई, भाव वाढना तरी देठ खुडानी मजुरी तितलीच ऱ्हास.
मंग मनी माय कोन्ती रेघवर से?'

मी म्हणाले, इतर परिस्थिती स्थिर असताना...
आणि तिथंच थांबले.
पुस्तकातलं ते वाक्य इतकं सपाट
मला आधी कधी ऐकू आलं नव्हतं.
'उद्या सांगते,' म्हणाले.

निरीक्षण वहीत सरांनी लिहिलं:
फलक लेखन सुवाच्य. वेळेचं नियोजन कच्चं.
चुकीचं उत्तर दिलं नाही, हे ठीक.
पण उद्या यायला हवा.

संध्याकाळी पथारीवर गेले.
लाल, नजर पोचेल तिथवर लाल,
मधे बायकांच्या रांगा, तोंडाला पदर, समोर ढीग.
भाविकाच्या आईनं पोत्याचा तुकडा सरकवून दिला.
अर्ध्या तासात माझे देठ खुडून झाले
एक पसाभर. तिचं टोपलं दुसऱ्यांदा काट्यावर गेलं.
मोबाइल वाजला, मी हात वर केला,
ती ओरडली, 'बाई, डोयाले हात लावू नका!'
एवढा मोठा धडा
इतक्या थोड्या शब्दांत
आमच्या एकाही प्राध्यापकानं दिला नव्हता.

रात्री पुन्हा टाचण. पाठ क्रमांक बारा.
श्रमाची मागणी, श्रमाचा पुरवठा.
पहाटे फाटकाशी उभ्या असतात तितक्या बायका
आणि आत लागतात तितके हात.
बोटं जळत होती, पेन धरवत नव्हतं,
उजवा रकाना तरी भरला, नियम आहे.

दुसऱ्या दिवशी भाविका गैरहजर.
तिसऱ्या दिवशी आली, नखं लालसर.
मी सगळं पुन्हा सांगितलं, फक्त तिच्यासाठी,
वर्ग कंटाळला तरी.
ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली.
'म्हन्जे आम्ही जास्त सेतस, बाई. म्हनीसन?'

उत्तर बरोबर होतं.
माझ्या टाचणात तेच होतं, जरा शुद्ध भाषेत,
अपेक्षित उत्तर म्हणून, खाली रेघ मारून.
बरोबर उत्तराला लगेच शाब्बास म्हणावं,
प्रबलन कौशल्य, दहापैकी गुण, माझे नेहमी आठ.

शाब्बास काही तोंडातून निघेना.
सर बघत होते. खडू हातात भिजला.

'बस,' म्हणाले.
मग म्हणाले, 'नको, बसू नकोस.
अजून बोल.'