शेक

जोडावरच परत उगवलंय.
डॉक्टर पेनने कागदावर माझं जठर काढतात,
वर ओढून घशाशी शिवलेलं,
तोकडा परकर ताणून नेसावा तसं.
टाके चांगले पडले होते, म्हणतात.
चांगलेच होते. दोन वर्षं मी चार उशांवर बसून झोपले,
दिवसातून आठदा चिमणीएवढं जेवले.

आता पुन्हा कापायचं नाही.
केमो, किंवा वीस दिवस रेडिएशन,
किंवा काहीच नाही.
हे शेवटचं ते इतकं हळू बोलले
की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.
आश्लेषा फोनवर, लंडनच्या कुठल्या ट्रायलबद्दल.
हे पार्किंगचं तिकीट उलटसुलट करत बसलेले.

मी विचारलं, पाणी उतरेल का?
बरी होईन का, ते नाही विचारलं.
साधं पाणी. जमलंच तर आटवल भात, वर तूप.
उतरेल, म्हणाले, काही महिने, बहुधा.
त्याआधी जास्त दुखेल.
विचार करून सांगते, म्हटलं.

रात्री बार्टनच्या घरात उचकी लागली, थांबेना.
कोणीतरी आठवण काढतंय, आई म्हणायची,
नावं घे, बरोबर नावाला थांबते.
घेत गेले. आश्लेषा. नातू. शेजारची मॉरीन.
तीन वाजता गेलेल्या माणसांपर्यंत पोचले,
तशी भीती वाटली, त्यातल्याच कुणाच्या नावाला थांबली तर?

एक नाव राहिलं होतं.
सेहेचाळीस वर्षं उखाण्याबाहेर न घेतलेलं.
घेतलं. (इथे लिहीत नाही.)
उचकी चालूच.
पण अंधारात हे उठून बसले, कोण? म्हणाले.
मी म्हटलं, मीच.
शेक घ्यायचं ठरवलंय. गाडी काढाल ना?

हलच्या दवाखान्यात छातीवर तीन ठिपके गोंदले,
किरणांना रोज तीच जागा सापडावी म्हणून.
गोंदण तेवढं सोबत येतं, आई सांगायची,
आणि मी शिकलेली, हात मागे घ्यायचे.
मिसेस डूमल, हलू नका हं, पोरगी म्हणाली.
धुमाळ, म्हटलं. हलले नाही.

हंबरच्या पुलावर वारा गाडीला ढकलतो.
वीस दिवस, चाळीस फेऱ्या, हे मोजतात.
मी थर्मासचं झाकण उघडते,
घोटभर पाणी तोंडात धरते,
आणि पूल संपेपर्यंत
त्याला घाई करत नाही.