काचेचं कणीस

खोकं बुटांचं आहे, बाबांच्या. एकेचाळीस नंबर.
मी शाळेत जायला लागले त्या वर्षी
आईने पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्याआडव्या खोचून
त्यात बारा खण केले.
अकरा भरलेले.
बाराव्यात नुसता कापूस, आणि कापसात
कणसाएवढा खळगा.

दर डिसेंबरात, रोकिश्किसच्या या घरात,
पलंगाखालून खोकं ओढलं
की हात आधी तिकडेच जातो,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा.

मग बाकीचे.
पक्षी : पायांऐवजी चिमटा, शेपूट झडलेलं.
अंतराळवीर : कारखान्याने बाबांना दिलेला.
बाबा त्याला झाडावर लावायचे, नाही असं नाही,
पण भिंतीकडे तोंड करून.
पाहुणा आला की घाईघाईने सरळ.
आता बाबा नाहीत, तो देशही नाही.
मी त्याला भिंतीकडेच वळवते.
सवय झाली असेल.

अंड्याच्या टरफलाचा विदूषक.
आईने दोन्ही टोकांना सुईने भोकं पाडली
आणि गाल फुगवून, फुंकून, आतलं सगळं बशीत काढलं.
त्याचं धिरडं मी आणि व्हिद्मांतासने खाल्लं,
मोठा तुकडा कुणाचा यावरून भांडत.
त्या विदूषकाच्या टोपीखाली
आईचा श्वास अजून थोडा उरला असेल,
हे मी कुणाला सांगत नाही.

कणीस व्हिद्मांतासचं.
पिवळं, हिरव्या पानांत अर्धं झाकलेलं,
एका बाजूचे तीन दाणे फुटलेले.
तो आयर्लंडला गेला त्या हिवाळ्यात नाहीसं झालं.
आईने आळ घेतला पिल्कीसवर,
राखाडी, लठ्ठ, दिसेल त्यावर पंजा मारणारा आमचा बोका.
काचेचा कणही सापडला नाही, तरी घेतला.
जानेवारीभर त्याचं दूध बंद.
तो मेल्यावरसुद्धा घरात काही हरवलं
की पिल्कीसने नेलं.
चष्मा. किल्ली. पेन्शनचं पुस्तक.
शेवटी शेवटी तर आठवड्याचे वारही.

व्हिद्मांतास येणार होता.
दरवर्षी येणार होता.
मोनाहनच्या शेडमध्ये अळंब्या खुडायचा, अंधारात,
फोनवर म्हणायचा, अळंब्यांना कुठे सुट्टी असते,
नाताळलाही उगवतात मेल्या.
आईच्या मातीला आला, दोन दिवस, कुणाचा तरी कोट घालून.
बाह्या मोठ्या होत्या.
नंतर आली ती राख. या मार्चमध्ये, कुरिअरने.
सही करून घेतली.

आणि नोव्हेंबरात एक पार्सल.
बोग्दान नावाच्या कुणाचं अक्षर.
खोलीत निघालेल्या वस्तू :
घड्याळ, बँकेचे कागद, एकच लोकरी मोजा.
मोज्यात काहीतरी कडक.

तीन दाणे फुटलेले.

चोरा!
सतरा वर्षं!

बोग्दान लिहितो, आमच्याकडे झाड नव्हतं.
चोवीसच्या संध्याकाळी तो हे खिडकीच्या कडीला टांगायचा,
खुर्चीवर चढून, अगदी वर.
एवढं उंच कशाला, विचारलं
तर म्हणायचा, घरात मांजर आहे.
मांजर नव्हतं हो.

आज चोवीस.
मेजावर चादरीखाली गवत पसरलंय,
बीट, हेरिंग, खसखशीचं दूध, सगळे बारा पदार्थ झाले.
कणीस मी खणात ठेवून पाहिलं.
खळगा आकसलाय, बसत नाही.
मग कडीलाच लावलं.

जेवणं झाल्यावर उग्ने ताटं उचलायला उठली,
तिला म्हटलं, राहू दे.
आजची रात्र मेज आवरायचं नसतं.
ज्यांना यायचं ते येतील, दोन घास खातील,
मोठ्या तुकड्यावरून भांडतील.

दिवा मालवण्याआधी
बशीभर दूध मेजाखाली सरकवलं.
खसखशीचं नव्हे, खरं.
आज चालत नाही,
पण बोक्याला कसला उपास.