मानस

मानशीची दारं कुणी लावत नाही.
भरती आली की पाणीच त्यांना आतून लोटतं, नाही, बाहेरून;
अजून चुकते मी सांगताना.
खाडीचा जोर वाढतो तशी ती घट्ट बसतात,
आणि ओहोटीला आपणहून उघडतात.
माझा बाप चोडणच्या या बांधावर
चाळीस वर्षं एवढंच पाहत बसला,
की फटीत काही अडकलं नाही ना.

आंसेलनं दगड अडकवला.
चौदा वर्षांचा. बरोबर दोन मित्र, एक बॅटरी, एक जाळं.
जूनमधली पुनव. त्यांना सुंगटं हवी होती,
मिळाली, पाटीभर.
मग दगड निघेना.
पोरं घाबरून घरी येऊन झोपली.
उजाडता सोयरू गांवकराच्या शेतात
रोपांच्या शेंड्यांवर खाडी उभी होती.

मी मारलं त्याला.
खराट्याच्या बुडख्यानं, ओरातोराच्या दिव्यासमोर,
किती ते मोजलं नाही.
तोंडानं देवाचं नाव चाललं होतं,
आणि मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला:
तो देवासाठी नव्हता.
रविवारी इगर्जेच्या पायऱ्यांवर
मानशेकाराच्या नातवाबद्दल बायका काय बोलतील,
तेवढ्यासाठी होता.

नवऱ्याचा बोटीवरून फोन आला.
"पोरगा आहे, सोड."
सोडणंही सोपंच होतं.

सोयरू ओरडला नाही.
पाणी चाखून थुंकला, म्हणाला,
"कोरगूट खारं सोसतं, बाय. खाऱ्यातलंच भात ते.
पण मापानं.
रोपाची उंची बघून पाणी घ्यावं लागतं."

त्या रात्री तेर्स म्हणताना
माझी बोटं एकाच मण्यावर थांबली.
मापानं.

गेल्या वर्षी लिस्बनचे कागद परत आले.
बॅगा भरलेल्या, शेजारणीला कोंबड्या देऊन टाकलेल्या.
नऊ महिने मी मिसेला गेले
आणि एकदाही तोंड उघडून गायले नाही.
देवबापाला म्हणायचे, काय केलं मी?
उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.
फक्त एवढं दिसतं
की त्या नऊ महिन्यांत
त्यानं माझ्या उंचीवरून पाणी जाऊ दिलं नाही.
हनुवटीपर्यंत आलं, हे खरं.

पहाटे आंसेलला उठवलं.
पाठीवरच्या वळांना खोबरेल लावलं, माफी मागितली.
तो काही बोलला नाही.
मग म्हटलं, फावडं घे.
माफी मागितली म्हणून शेत धुऊन निघत नाही.

आषाढभर आम्ही सोयरूकडे राबलो,
चर खणले, पावसाचं पाणी कोंडलं, सोडलं, पुन्हा कोंडलं.
मी झगा खोचून त्याच्या बाजूच्याच वाफ्यात.
सोयरूनं विचारलं, गुन्हा पोराचा, तू कशाला?
मला नीट सांगता आलं नाही.
बापानं मला बांध शिकवला तेव्हा
त्याचेही पाय चिखलातच होते,
एवढंच आठवलं.

रोज संध्याकाळी आंजेलची घंटा होते,
आणि आमच्याकडे मुलं वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून
बेसांव मागतात.
आंसेलनं एकोणीस दिवस मागितला नव्हता.

विसाव्या दिवशी घंटा झाली तेव्हा तो बांधावर होता.
मी न सांगताच मानशीपाशी वाकला,
खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून
फट चाचपत राहिला,
एक काटकी निघाली, नारळाची एक करवंटी,
ती त्यानं दूर फेकली.

त्यानं मागितला नाही.
मी मागूनच, त्याच्या ओल्या पाठीवर,
हवेत कुरीस काढला.
त्याला कळलं नाही.
भरती चढत होती.
दोन्ही दारं सरकली,
आणि लाकडावर लाकूड बसल्याचा तो आवाज आला;
तो ऐकत उभा राहिला, मीही.