स्पेअर

लोकेश वाघुळदे ऑफर लेटर घेऊन आला
भर दुपारी, डोक्याला ओला रुमाल बांधून.
वहीच्या पानावर मधोमध रेघ मारूनच आणली होती,
डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.
"ताई, तू सांग, मी लिहितो."

कूलरमध्ये बादली ओतता ओतता म्हटलं,
पगार लिही.
एक तारखेला येतो, काम जमो की न जमो.
आईचा गुडघा नाशिकला बदलला,
नुसतं कार्ड दाखवलं. हे ठळक लिही.

शिकणं लिही.
सहा महिने मी डेन्मार्कच्या विमा कंपनीत होते,
म्हणजे इथंच, भुसावळात, जामनेर रोडला, वरच्या खोलीत,
दीपनगरची राख पुसत कीबोर्डवरून.
मग चार महिने चीज करणारे लोक.
मग एक बंदर.
बंदर काही मी पाहिलं नाही,
पण त्याच्या क्रेन दिवसाला किती वेळ रिकाम्या उभ्या असतात
ते मला विचार,
दशांश चिन्हासकट सांगते.

लोकेश लिहीत होता.
रेघेच्या कुठल्या बाजूला, ते दिसत नव्हतं.

तास?
तास पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून विकायचे असतात.
शुक्रवारी भरायचं, कोणता तुकडा कुणाच्या नावावर.
आत्याच्या दहाव्याला गेले तो अर्धा दिवस
कुठल्या खात्यात टाकू कळेना.
यादीत शेवटी "इतर" होतं.
ते निवडलं.

आणि तुले खरं सांगू?
एकदा एका गोदामाचा हिशेब मांडला मी,
तिसऱ्या स्लाइडवर निळा चौकोन,
चौकोनात एकशे चाळीस.
त्यांचा फोरमन काही बोलला नाही.
खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला,
मग त्याचा कॅमेरा बंद झाला,
तेव्हा माझ्या ध्यानात आलं
की एकशे चाळीस म्हणजे माणसं.
त्या तिमाहीचं बक्षीस मला मिळालं.
टीव्हीशेजारी आहे बघ, काचेचं वाटतं,
प्लॅस्टिकचं आहे.

"आणि बेंच?" त्यानं हळूच विचारलं.
कॉटवर पप्पांनी कूस बदलली.
घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं.
बेंच म्हणजे, म्हटलं,
पगार चालू, काम नाही,
रोज सकाळी आंघोळ करून बसायचं
कुणीतरी बोलावील म्हणून.
माझा आज एकविसावा दिवस.

"मंग स्पेअर म्हण ना," पप्पा उठून बसले.
चौतीस वर्षं गुड्स गार्ड.
"मालगाडी बडनेऱ्याला सोडायची,
येताना पॅसेंजरात बसून यायचं.
ड्युटी आपली, गाडी दुसऱ्याची.
खिडकीतून स्टेशन आलं
की झेंडीचा हात आपोआप उठायचा."
मग?
"मंग काय. उठलेल्या हातानं
केस सारखे करायचे."

थोड्या वेळानं, आमच्याकडे न बघता:
"वाघिणीत काय भरलंय ते कागदावर असायचं.
उघडून कधी पाहिलं नाही.
पण घर त्याच्यावरच उभं राहिलं,
तुझी फी पण."

लाइट गेली. कूलरचं पातं
चार फेरे उगाच फिरलं आणि थांबलं.
लोकेश उठला. चहा नको म्हणाला.
पान विसरला की मुद्दाम ठेवून गेला, माहीत नाही.
डावी बाजू गच्च भरलेली, समासात पण घुसलेली.
उजवीकडे एवढंच:
इतर.

रात्री पावणेअकराला फोन वाजला.
उद्यापासून कॅनडा, पोलाद, आठ आठवडे,
पहिली मीटिंग आत्ताच, अर्ध्या तासात.
अंधारातून पप्पा म्हणाले, "कॉलबॉय आला का?"
हो म्हटलं.
ते उठले. माठातून माझी बाटली भरली,
झाकण पिळलं,
उलटी धरून पाहिली, थेंब गळतो का,
आई त्यांची बाटली पाहायची तशी,
आणि लॅपटॉपजवळ ठेवून
परत जाऊन निजले.