चौकट नऊ

पाच वर्षं मी माझगावात गोदीची भिंत वाचत आले.
एकतीस चौकटी, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर,
कोपऱ्यांवर पिवळ्या ऑइलपेंटचे ठिपके.
दगडांच्या सांध्यांत चुना भुसभुशीत झालाय तिथे
पिंपळाची दोन पानं, पाथरी, एकदांडी,
कुणाच्यातरी गॅलरीतून पडून रुजलेली पानफुटी,
आणि हंसराज. काळ्या तारेसारखा देठ,
पानं इतकी पातळ की मोजताना श्वास आवरायचा.

लोक विचारत, बाई, काय हरवलंय?
काही नाही, मोजतेय.
भंगारवाला एकदा हसला होता,
एवढी भिंत, आणि पट्टी बघा केवढीशी.

प्रश्न साधा होता.
जुन्या चुन्यात की नव्या सिमेंटात,
उन्हाळाभर कुठे जास्त जाती तगतात?
उत्तर चुन्याकडे झुकत होतं.
संभाव्यता शून्य पूर्णांक शून्य चार.
आमच्या धंद्यात पाचाच्या आत आलं
की त्याला म्हणतात लक्षणीय.

निबंध पाठवला. सात महिने सामसूम.
मग दोन परीक्षकांचे अभिप्राय आले.
पहिला सज्जन, स्वल्पविरामांपुरता.
दुसऱ्याचे सतरा मुद्दे,
पैकी अकरावा:
चौकट नऊमध्ये, ऐन मे महिन्यात, पाचही वर्षं
हंसराज हिरवा कसा?
आठ आणि दहा तर वाळून कागद झालेल्या.
लेखिकेने कृपया खुलासा करावा.

खुलासा मी लिहूनही ठेवला,
भिंतीमागे फुटका पाइप असावा.
पण त्यातला 'असावा' मलाच बोचला.
म्हणून मेमध्येच गेले, पहाटे सहाच्या आधी.

गणू घोगळे रात्रपाळी संपवत होता.
खुर्ची घडी केली, शर्टाची बटणं लावली,
बाटलीत उरलेलं पाणी हलवून पाहिलं
आणि नऊच्या वरच्या सांध्यात ओतलं,
सवयीनं, देवाला घालावं तसंही नाही,
तोंड धुतल्यावर चूळ टाकावी तसं.

मी विचारलं, रोज?
"रोज. तुमी रंग मारून ठेवलास,
म्हटला, कायतरी म्हत्त्वाचा आसतला."
मग नऊच का?
"माझी खुर्ची थयच आसा."

त्या रात्री मी नऊ वगळली.
तीस उरल्या. गणित पुन्हा चालवलं.
शून्य पूर्णांक शून्य सात.
लक्षणीय नाही.
कुणीतरी लक्ष दिलं होतं, एवढंच.

संपादकांना खरं कळवलं.
त्यांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले
आणि दुसऱ्या परिच्छेदात खेद व्यक्त केला.

आणखी दीड वर्षानं एका लहान नियतकालिकानं घेतला.
मागच्या गुरुवारी छापून आला,
म्हणजे कुलुपात आला.
वाचायला पैसे भरा, असं मलाच सांगतो माझा निबंध,
आणि कॉलेजची वर्गणी तर कधीच बंद झाली.
मीच मग माझ्या मूळ प्रतीचे प्रिंट काढले,
पाठपोट, कॅन्टीनशेजारच्या झेरॉक्सवर.

एक घोगळेंना नेऊन दिली.
ते पहिल्या पानापासून नाव शोधत गेले,
बोटानं, ओळीमागून ओळ,
लॅटिन नावांवर जरा जरा थांबत.
शेवटी आभारांत सापडलं.
स्पेलिंग बरोबर आहे म्हणाले.

मग तक्त्याकडे वळले.
"नऊ खंय?"

वगळावी लागली, मी म्हटलं.
का, ते सांगायला तोंड उघडलं
आणि कोणता शब्द वापरावा सुचेना.
दोष म्हणायचं? हस्तक्षेप?
निबंधात मी 'बाह्य सिंचन' लिहिलंय.

तक्त्यात आठनंतर थेट दहा येतो.
मधल्या रेघेवर त्यांनी थोडा वेळ बोट ठेवलं,
कागद घडी करून खिशात घातला,
आणि बाटलीचं झाकण फिरवलं.