पाच पौंडांचं टेबल

ग्लासगोत तिजानीनं टेबल घेतलं
म्हाताऱ्या मोरागबाईंकडून.
"एक पाय आखूड आहे," त्या म्हणाल्या,
"ह्यांनी बसच्या तिकिटांची घडी सारली होती खाली.
तीही ने."

बसवाल्यानं चढू दिलं नाही.
टेबल डोक्यावर पालथं, पाय आभाळाकडे,
असा तो चालत निघाला.
दोनदा टेकवलं. दुसऱ्यांदा
त्यावरच बसून पाव खाल्ला.

तिसरा मजला.
खोलीत एक गादी, रंगाच्या डब्याचं स्टूल,
खिडकीला पडदा म्हणून इख्लासचा पिवळा तोब.
टेबल मांडलं, घडी सारायला वाकला,
तर ते डुगडुगेचना.
इथली जमीनच तिरकी.

इख्लास हसली. किती महिन्यांनी.
चहा ओतला काठोकाठ,
सांडतो का बघायला.

तिकिटं त्यानं टाकली नाहीत.
घर बदलावं लागलं तर.